पिवळं पडलेलं कुंकू

१

कालिंदी सबनीस गेली तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू पिवळं पडलेलं होतं.

एकाहत्तर सालातला चैत्र. कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या एका गल्लीतल्या तीन मजली घरात पहिल्या मजल्यावर सबनीस राहायचे आणि त्यांच्या डोक्यावर नलिनीबाई खांबेटे. सबनिसांकडे त्या दुपारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सहापर्यंत बायका आल्या नि गेल्या. दिवेलागणीला कालिंदीनं आरती केली, गौरीपुढचं नैवेद्याचं पन्हं घेतलं आणि थोड्या वेळातच पोट धरून जमिनीवर गडाबडा लोळायला लागली. टॅक्सी मिळेना. त्या वर्षी दिवस मावळला की भवानीपुरात यायला टॅक्सीवाले दहादा विचार करायचे. डॉक्टर पायी धावत आले आणि नाडी बघून नुसतेच उभे राहिले.

नलिनीबाई हाकाटी ऐकून खाली उतरल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. कालिंदीचे यजमान श्यामकांतराव फोर्ट विल्यममधल्या, लष्कराच्या किल्ल्यातल्या, एका कचेरीत अधिकारी. ते बुटांसकट सोफ्यावर बसून राहिले होते. मुलगा गुरुदत्त फिरतीवर दुर्गापूरला. सून शकुन, पाचवा महिना लागलेली, सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला रडायचंही सुचत नव्हतं. ही शकुन नलिनीबाईंची शाळेतली विद्यार्थिनी. जन्म कलकत्त्यातला, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायची, आणि कालिंदी त्यावरून तिला चारचौघांत टोचायची. दोघींचा आवाज वरपर्यंत ऐकू यायचा, हेही खरं.

तळमजल्यावरच्या कमलवहिनी पुटपुटल्या, की सवाष्णीचं कुंकू पिवळं पडलं, ही काही साधी गोष्ट नव्हे, बाई. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

नलिनीबाईंचा शकुनापशकुनाशी उभा दावा. मुलींच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, आणि विधवापणही तितकंच जुनं. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना येत नसे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं त्या सांगत. सांगणं आणि वाटणं यांत अंतर असतं, पण ते असो. त्या वाकल्या आणि त्यांनी कपाळ नीट पाहिलं.

कालिंदीचं कुंकू नेहमी गोल, सुपारीएवढं. ते गोल कडेनं अजून लालच होतं. पिवळी होती ती त्याच्यावरून ओढलेली एक रेघ: भुवयांच्या मधून निघून वर गेलेली, सरळ, बोटाच्या पेराएवढी.

नलिनीबाईंनी ती रेघ ओळखली. आणि आपण ओळखली नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून अधिकारी गुहा आले. जाड भिंगाचा चष्मा, आवाज मऊ. हा माणूस ओरडत नसे, म्हणून त्याची जास्त भीती वाटे.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरात मोझॅकची फरशी घासायला मिस्त्री येत होते. फरशीला चकाकी आणायची त्यांची पूड, ऑक्झॅलिक म्हणतात ती, मागच्या व्हरांड्यात पुडीत ठेवलेली. दिसायला साखरेसारखी, चवीला जहाल आंबट, आणि पोटात गेली तर जीव घेणारी. पुडी सांभाळायला मिस्त्रींनी शकुनकडे दिली होती. आता ती अर्धी होती. पन्हं शकुननं केलेलं. आलेल्या बायका तेच पन्हं प्यायल्या आणि धडधाकट राहिल्या, म्हणजे विष एकाच भांड्यात. सासूचं भांडं सुनेशिवाय कोण भरणार? वर रोजची भांडणं, साऱ्या घरानं ऐकलेली. गौरीपुढच्या चांदीच्या वाटीत तळाशी उरलेल्या थेंबात गुहांनी निळा लिटमस कागद बुडवला होता, तो लाल झाला. तोही त्यांनी पुराव्यात जोडला.

शकुन भिंतीला टेकून उभी होती. तिला तीनदा विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की आईंच्या वाटीला तिनं हात लावला नाही.

"दिदिमणी," शाळेतल्या बाईंना बंगालीत म्हणतात तशी हाक मारून गुहा हिंदीत म्हणाले, "संध्याकाळी सहाला मी हिला घेऊन जाणार. अशा अवस्थेत कोठडीत ठेवणं मलाही बरं वाटत नाही. पण माझ्याजवळ दुसरं नाव नाही."

"मला सहापर्यंत वेळ द्या," नलिनीबाई म्हणाल्या.

गुहांनी चष्मा काढून पुसला. शाळामास्तरणीला तपासात लुडबूड करू देणारा हा माणूस नव्हे. पण या दोघांत माघ महिन्यातली एक गोष्ट होती, जिचा उच्चार दोघांपैकी कुणीही पुन्हा केला नव्हता, आणि तेव्हापासून गुहा नलिनीबाईंच्या डोळ्याला डोळा देत नसत. आत्ताही त्यांनी खिशातून रात्री काढलेला प्रेताचा फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि खाली बघतच म्हणाले, सहापर्यंत.

फोटो काळापांढरा. गोल कुंकू काळं आलेलं आणि त्यावरची उभी रेघ पांढुरकी.

३

नलिनीबाईंच्या कपाटात सातवीच्या मुलींनी केलेल्या कागदी पट्ट्यांचे गठ्ठे होते. एक हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला, एक जास्वंदीच्या रसात, एक निळ्या गोकर्णाच्या, ज्याला इथं अपराजिता म्हणतात. घरचंच सामान आणायचं आणि कोण आंबट, कोण खारट-तुरट ते रंगावरून ओळखायचं: चिंच, लिंबू, ताक, खायचा सोडा, साबण, पानाचा चुना. मुलींना हा धडा फार आवडे. एखादीच्या शुभ्र ओढणीवर हळद सांडायची, ती घाबरून साबण लावायची, डाग रक्तासारखा लाल व्हायचा, आणि मग वर्गभर किंकाळ्या. लिंबू पिळलं की तोच डाग पुन्हा पिवळा. नलिनीबाई दरवर्षी सांगत, हळद खोटं बोलत नाही, फक्त तिला नीट विचारावं लागतं.

पहिला निकाल त्यांनी गुहांच्या लिटमसचा लावला. मोठ्या पातेल्यातलं, सगळ्या बायका प्यायल्या ते पन्हं अजून उरलं होतं. त्याच्या थेंबानं जास्वंदीची पट्टी भडक गुलाबी झाली. पन्हं कैरीचं, ते आंबट असणारच. विष नसलं तरी गुहांचा कागद लालच झाला असता. तो पुरावा कवडीमोल होता.

दुसरी गोष्ट गुहांना कळणं शक्यच नव्हतं, कारण ते मराठी घरात जेवले नव्हते. सासूचं भांडं सुनेनं भरून हातात दिलं, असं ते धरून चालले होते. ती वाटी दुपारपासून गौरीपुढे नैवेद्य म्हणून ठेवलेली होती. तो नैवेद्य आरतीनंतर यजमानीणच घेते, दुसरं कुणी नाही. हे माहीत असणाऱ्या कुणालाही कालिंदीच्या तोंडी काय जाणार, ते चार तास आधी ठाऊक होतं. आणि गौरीच्या पाया पडायला आलेल्या प्रत्येकीला त्या वाटीजवळ वाकायचं होतं.

तिसरी गोष्ट करंड्यात होती.

कालिंदी कुंकू विकत घेत नसे. बाजारातल्या कुंकवात काय रंग घालतात देव जाणे, असं म्हणून दर चैत्रात हळदीच्या पुडीत चुन्याची निवळी घालून ती स्वतः मळायची, सावलीत वाळवायची. तो लाल रंग म्हणजे चुना लागलेली हळद, दुसरं काही नाही. नलिनीबाईंनी श्यामकांतरावांना विचारून करंडा वर आणला होता. झाकण उघडलं. लाल कुंकवात बोटांचे खळगे होते, आणि त्यांतला एक, कडेचा, तळापर्यंत पिवळा.

त्यांनी चिमूटभर कुंकू बशीत घेतलं, लिंबाचा थेंब टाकला. पिवळं झालं. त्याच्यावर चुन्याचं पाणी टाकलं. पुन्हा लाल.

म्हणजे करंड्यात गेलेलं एक बोट आंबट होतं. त्याच बोटानं कालिंदीच्या कपाळावर रेघ ओढली होती.

पन्हं प्यायलेल्या बाईचं बोट आंबट असायचंच, असं कुणी म्हणेल. तर नाही. कालिंदीच्या घरचा दंडक कडक. आधी गौरीला नमस्कार, मग हळदीकुंकू, मग अत्तर, मग डाळ आणि पन्हं. खरकट्या हातानं कुंकवाला शिवायचं नाही. एकदा एका पाहुण्या बाईला तिनं भर बैठकीतून हात धुवायला पाठवलं होतं. ज्या बोटानं कुंकू लावलं ते आंबट झालं असेल, तर खाण्याआधी. आणि खाण्याआधी आंबट असं एकच काही वाटेत होतं: गौरीपुढची वाटी.

शकुनचे हात दिवसभर कैरीत होते. पण कालिंदीच्या घरात सून सासूला कुंकू लावत नसे.

नलिनीबाई खाली जाऊन एकेकीला भेटल्या. कमलवहिनी आणि बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको लीना जोडीनं आल्या, जोडीनं वाकल्या, साडेपाचला जोडीनं गेल्या. लीना नवीन बदलून आलेली, बुजरी. तिनं तर वाटीकडे बघितलंही नव्हतं. दोघींनी कालिंदीला कुंकू लावलं ते गोलावर गोल, टेकवून. रेघ दोघींनीही ओढली नव्हती, आणि दोघी निघाल्या तेव्हा कालिंदीचं कपाळ लालभडक होतं.

त्यांच्यानंतर कोणी आलं का? शकुन मोरीत भांडी घासत होती. तिनं पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकला होता.

"हेमामावशी," ती म्हणाली. "पण त्या आत नाही आल्या, बाई. काल रात्रीच त्या सगळ्यांना बोलल्या की त्यांनी उंबऱ्यातूनच नमस्कार केला. घरात दुःख आहे म्हणून कुंकू पण नाही घेतलं."

हेमा नलिनीबाईंची धाकटी बहीण.

भुवयांमधून वर उभी रेघ ओढायची, अनामिकेनं, एका दमात. त्यांच्या आईची ती पद्धत. दोघी बहिणींना तिनं लहानपणी आरशापुढे उभं करून शिकवलेली. नलिनीबाईंचं कुंकू सुटलं. आता साऱ्या कलकत्त्यात तशी रेघ ओढणारी एकच बाई उरली होती.

४

हेमाचं घर तीन गल्ल्या पलीकडे. दुपारचे चार वाजले होते. आतल्या खोलीत तिचे यजमान गजाननराव रेडिओ कानाला लावून पडले होते. मुलगा गेल्यापासून ते एवढंच करत. भिंतीवर जयंताचा फोटो, हार रोजचा ताजा.

जयंता वीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून भिंतींवर नक्षलवादी घोषणा रंगवणाऱ्या पोरांत गेला आणि मग भिंतींवर थांबला नाही. माघात कुणीतरी त्याच्या लपायच्या जागेचा पत्ता दिला. पहाटे काही लोक गेले. जयंता कालव्याच्या काठावर सापडला. गोळी कुणाची, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. पत्ता कुणी दिला, हेही नाही.

नलिनीबाईंनी करंडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, कालिंदीला कुंकू लावलंस का? हेमा म्हणाली, नाही, दुखवटा आहे. त्यांनी फोटो तिच्यापुढे सरकवला. हेमानं तो बराच वेळ पाहिला आणि उलटा करून ठेवला. मग त्यांनी झाकण उघडून पिवळा खळगा दाखवला, आणि पर्समधून लिंबाची फोड काढून बहिणीच्या डोळ्यांदेखत कुंकवाच्या चिमटीवर पिळली. सातवीच्या मुलींना दाखवत तसंच.

"नलूताई," हेमा हळूच म्हणाली, "हे मला शाळेत कुणी शिकवलंच नाही."

"वाटीत पूड घातलीस."

"पाठीमागच्या जिन्यानं गेले, व्हरांड्यातून. पुडी तिथंच होती, सकाळी बघून ठेवलेली. पळी वाजली असती, म्हणून बोटानं ढवळलं. पदराला पुसतेय, तेवढ्यात ती करंडा घेऊन समोर. कुंकवाला नाही कशी म्हणणार मी? तिनं मला लावलं. मग मी तिला लावलं. ती म्हणाली, हेमावहिनी, जयंताची रोज आठवण येते हो. माझ्या तोंडावर म्हणाली."

माणूस मारायला निघालेल्या बाईला समोर आलेलं कुंकू नाकारता आलं नाही. नलिनीबाईंना हसू यावं की रडू, ते कळेना. त्यांनी विचारलं, शकुन तुरुंगात जाणार होती, ते तुला दिसलं नाही का? हेमानं खांदे पाडले. आपण शकुनचा विचार केला नव्हता, केला असता तर हात थांबला असता, असं ती म्हणाली. मग म्हणाली, की कदाचित नसता थांबला.

"का, हेमा?"

"तिनं त्याला धरून दिलं. तो लपला होता तिथल्याच देवळाबाहेर पौषात तिनं त्याला पाहिलं होतं. मला म्हणालीही होती, तुमचा जयंत दिसला, दाढी वाढलीय. नवरा फोर्ट विल्यममध्ये. तिच्याशिवाय कोण होतं? आपल्या तिघांशिवाय कोणाला पत्ता ठाऊक होता? मला, ह्यांना आणि तुला."

रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. नलिनीबाईंनी लिंबाची फोड बशीत ठेवली, हातरुमालानं बोटं पुसली. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. खुनी सापडला होता, शकुन सुटणार होती, कालिंदी काही उठून सांगणार नव्हती. ही एक गोष्ट तेवढी गिळून टाकायची. दोन महिने गिळलीच होती.

"कालिंदीनं नाही दिला पत्ता," त्या म्हणाल्या. "मी दिला."

५

नलिनीबाईच बोलत राहिल्या. ठाण्यातले गुहा भला माणूस म्हणून मी त्यांच्याकडे गेले, पोराला पकडून आत ठेवा म्हटलं, आत राहिला तर जिवंत राहील. गुहांनी शब्द दिला होता. पण गेले ते लोक गुहांचे नव्हते, वरून कुणी पाठवलेले. गुहांनाही नंतर कळलं. मी त्याला वाचवायला गेले होते गं, हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा त्यांनाच राग आला.

"तू रोज यायचीस," हेमा म्हणाली. "तेराव्यानंतर एक दिवस चुकला नाही तुझा. माझ्या हातचा चहा प्यायचीस."

"हो."

"चहा पिताना एकदा सांगितलं असतंस, तर कालिंदी जिवंत असती."

नलिनीबाईंनी करंड्याचं झाकण लावलं. जगातल्या सगळ्या आंबट-खारटाची परीक्षा त्यांना येत होती, एवढी एक सोडून.

हेमा उठली. मोरीवर जाऊन तिनं हात धुतले, पुष्कळ वेळ, साबण लावून. गजाननरावांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि जरा बाहेर जाऊन येते म्हणाली. त्यांनी रेडिओवरून डोळे वर केले नाहीत. जिना उतरताना नलिनीबाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला, तेव्हा तिनं तो झिडकारला नाही, पण धरूही दिला नाही. दोघी एकामागून एक चालत ठाण्यावर गेल्या.

सहाला दहा मिनिटं कमी होती. शकुनला आणायला निघालेले गुहा दारातच भेटले. नलिनीबाईंनी त्यांच्या टेबलावर करंडा, लिंबू आणि चुन्याची डबी मांडून हळद दाखवली. पिवळ्याची लाल, लालची पिवळी. रेघेचं सांगितलं, दंडकाचं सांगितलं. गुहांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हेमानं हो म्हटलं. गुहांनी शिपायाला हाक मारून सबनिसांकडे निरोप धाडला, की सूनबाईंना म्हणावं, कपड्यांची पिशवी सोडून ठेवा, कुठं जायचं नाही.

मग त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे खाली बघत म्हणाले, की एक रकाना राहिलाय, हत्येचं कारण. तिथं जुनं वैमनस्य एवढं लिहिलं तरी कोर्टाला पुरे होतं. बाकीचं कुणाला विचारायची गरज नव्हती.

बाकावर हेमा बसली होती. उजव्या हाताची अनामिका ती डाव्या हातानं पुन्हा पुन्हा पुसत होती. तिनं मान वर केली नाही, पण पुसणं थांबलं.

"वैमनस्य लिहू नका," नलिनीबाई म्हणाल्या. "लिहा. माघ महिन्यात मी, नलिनी खांबेटे, या ठाण्यात आले होते."

गुहांचा हात कागदावर थांबला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघांची नजरानजर झाली.

"यात माझंही नाव येईल, दिदिमणी."

"येईल," त्या म्हणाल्या. "लिहा."

आणि गुहा लिहायला लागले.